ज्यानं सांगितलं, ज्याचं सांगितलं गेलं

२२ सप्टेंबर १९७५ची दुपार. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या सेंट फ्रान्सिस हॉटेलातून अमेरिकेचे अध्यक्ष जेरल्ड फोर्ड बाहेर येत होते. त्यांच्यावर अडीच आठवड्यांपूर्वीच, ५ सप्टेंबरला सॅक्रामेंटोत, एका बाईनं पिस्तूल रोखलं होतं. त्यामुळे बंदोबस्त कडक होता. तरीही समोरच्या फुटपाथवरच्या गर्दीत सारा जेन मूर ही दुसरी बाई पर्समध्ये रिव्हॉल्व्हर घेऊन उभी राहिली. तिनं ते उगारलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका धिप्पाड माणसानं झेप घेऊन तिचा हात धरला. फोर्ड वाचले.

त्या माणसाचं नाव ऑलिव्हर सिपल, वय तेहतीस. मरीन दलात राहून व्हिएतनाममध्ये लढलेला, जखमी होऊन परतलेला, अपंगत्वाच्या पेन्शनीवर जगणारा. मोटारींचं शहर डेट्रॉइट हे त्याचं गाव. वडील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला. सिपल घरापासून दोन हजार मैलांवर सॅन फ्रान्सिस्कोत येऊन राहिला होता. पहिल्या चोवीस तासांत त्याच्याभोवती बातमीदारांचा गराडा पडला. त्यांना त्यानं एक विनंती केली: मी गे आहे की नाही याबद्दल काही छापू नका, माझ्या आईला आणि कामाच्या ठिकाणी हे माहीत नाही.

दोनच दिवसांत ते छापून आलं.

ते फोडणारा कुणी शत्रू नव्हता. हार्वे मिल्क तेव्हा कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्यांचं दुकान चालवत होता आणि निवडणुका लढवून हरत होता. पुढे १९७७ साली तो निवडून आला, १९७८च्या नोव्हेंबरात त्याचा खून झाला, आणि आज तो गे चळवळीचा हुतात्मा मानला जातो. तो सिपलचा मित्र होता. सिपलनं त्याच्या प्रचारात कामही केलं होतं. गे माणसंही शूर असतात, अध्यक्षाचा जीव वाचवतात, हे देशाला दाखवायची संधी दवडू नये असं मिल्कला वाटलं. सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलचा स्तंभलेखक हर्ब केन याच्या कानावर ते घातलं गेलं, त्यानं लिहिलं, आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी उचललं. डेट्रॉइटमधल्या सिपलच्या आईला ही गोष्ट कळली ती दारात आलेल्या बातमीदारांकडून.

मिल्क स्वतः नौदलातून आलेला होता. कोरियाच्या युद्धकाळात त्यानं पाणबुड्यांच्या बचावासाठी असलेल्या किट्टीवेक या जहाजावर काम केलं होतं, आणि समलिंगी संबंधांची चौकशी सुरू झाल्यावर १९५५ साली सन्मानाचा शिक्का नसलेला निरोप पत्करून तो बाहेर पडला होता. एका माजी सैनिकाचं गुपित दुसऱ्या माजी सैनिकानं परस्पर वापरलं. मिल्कचं मोठेपण मला मान्य आहे, पण या एका प्रसंगात तो मला आवडत नाही.

आता तीन दिवस मागे जाऊ.

१९ सप्टेंबर १९७५ रोजी देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हर्जिनियातल्या लँगले हवाई तळावर, लेनर्ड मॅटलोविच या टेक्निकल सार्जंटची सुनावणी संपली. चार दिवस चाललेल्या या सुनावणीत मंडळानं निर्णय दिला की हा माणूस हवाई दलात राहायला अपात्र आहे. त्याआधी ८ सप्टेंबरच्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर गणवेशातला मॅटलोविच झळकला होता आणि मथळ्यात तो समलैंगिक असल्याची त्याचीच कबुली होती. अमेरिकेतल्या एखाद्या बड्या साप्ताहिकानं स्वतःहून उघड झालेल्या गे माणसाला नावानिशी मुखपृष्ठावर आणण्याची ती पहिली वेळ.

व्हिएतनाममधून आलेले दोन सैनिक. एकानं स्वतः सांगितलं. दुसऱ्याचं दुसऱ्यांनी सांगितलं. मधलं अंतर तीन दिवसांचं. कुणी कादंबरीत असं लिहिलं असतं तर जुळवून आणलंय म्हणून नाक मुरडलं गेलं असतं.

मॅटलोविचची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण सांगण्याचा निर्णय कसा घेतला जातो हे त्याच्या बाबतीत टप्प्याटप्प्यानं दिसतं. १९४३ साली जॉर्जियातल्या सव्हाना इथे त्याचा जन्म झाला. वडील हवाई दलात सार्जंट, म्हणजे पोरगं फौजी वातावरणातच वाढलेलं. कट्टर कॅथलिक घर. १९६३ साली, एकोणिसाव्या वर्षी, तो भरती झाला आणि व्हिएतनामला एकदा नव्हे, तीनदा गेला, तेही स्वतः मागून. ब्रॉन्झ स्टार मिळाला. दा नांगजवळ सुरुंगावर पाय पडून जखमी झाला तेव्हा पर्पल हार्ट मिळालं. तरुणपणी आपण कृष्णवर्णीयांचा तिरस्कार करायचो, हे त्यानं पुढे स्वतःच मोकळेपणी सांगितलं. फौजेत खांद्याला खांदा लावून राहताना तो तिरस्कार गेला, आणि इतका गेला की हवाई दलानं सुरू केलेल्या वंशसंबंधांच्या वर्गांचा तो शिक्षक झाला. शिकवायलाही तो चांगला होता, असं सगळेच सांगत.

आणि या सगळ्या काळात तो एकटा होता. गे बारची पायरी तो पहिल्यांदा चढला तेव्हा तिशीला आला होता. फ्लॉरिडातल्या पेन्साकोलामध्ये. तिथे बँकेचा अध्यक्ष भेटला, पेट्रोल पंपावर काम करणारा भेटला, आणि ही माणसं चारचौघांसारखीच आहेत याचं त्याला नवल वाटलं. वर्गात तो पूर्वग्रह कसे तयार होतात ते तरुण सैनिकांना शिकवायचा. देशात सर्वांत जास्त भेदभाव कुणाच्या वाट्याला येतो, या चर्चेत तो समलिंगींचा विषय काढू लागला. शिकवता शिकवता तो स्वतःच्याच प्रश्नाशी येऊन ठेपला असणार.

१९७४ साली ‘एअर फोर्स टाइम्स’मध्ये त्यानं फ्रँक कॅमेनीची मुलाखत वाचली. कॅमेनी हा दुसऱ्या महायुद्धात लढलेला, हार्वर्डची डॉक्टरेट घेतलेला खगोलशास्त्रज्ञ. गे असल्यामुळे १९५७ साली सैन्याच्या नकाशा विभागातून त्याला काढलं होतं आणि तेव्हापासून तो सरकारशी भांडत होता. त्याला एक माणूस हवा होता: सेवापुस्तिकेवर एकही डाग नसलेला, पदकं मिळवलेला, आणि मी गे आहे, मला काढून दाखवा, असं म्हणायला तयार असलेला. मॅटलोविचनं त्याला फोन लावला. पुढचे कित्येक महिने कॅमेनी आणि वकील डेव्हिड ॲडलस्टोन यांच्याबरोबर त्याच्या बैठका झाल्या. पत्राचा मसुदा तयार झाला. ६ मार्च १९७५ रोजी त्यानं ते पत्र आपल्या वरिष्ठ कॅप्टनच्या हातात दिलं. याचा अर्थ काय, असं कॅप्टननं विचारलं. मॅटलोविचनं उत्तर दिलं की याचा अर्थ ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ. म्हणजे १९५४ साली शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा खटला. वंशसंबंधांच्या शिक्षकाला याहून नेमकं उत्तर देता आलं नसतं.

ही बातमी जगापुढे आली २६ मे रोजी, मेमोरियल डेला. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा तो दिवस. म्हणजे सांगायचं कधी, कुणाला, कुठल्या शब्दांत, हे सगळं ठरवून केलेलं. एक गोष्ट मात्र त्याच्याही हातात राहिली नाही. आईला त्यानं फोनवर आधी सांगितलं होतं. तिला जबर धक्का बसला. वडिलांना मात्र बातमी फुटेपर्यंत माहीत नव्हतं. जन्मभर हवाई दलाची नोकरी केलेला तो म्हातारा रडला, आणि मग म्हणाला की पोरगा हे सोसणार असेल तर मीही सोसीन. मॅटलोविचनं नंतर सांगितलेली ही हकिकत. पूर्ण तयारीनं उतरलेल्या माणसालाही घरच्या आघाडीवर वेळ साधता आली नाही.

लँगलेच्या सुनावणीत हवाई दलाला मॅटलोविचच्या कामात खोट काढता येत नव्हती. त्याचे सहकारी साक्षीला उभे राहिले. त्याच्या वर्गात शिकलेले, त्याच्याबरोबर काम केलेले गडी येऊन सांगून गेले की याच्याबरोबर काम करायला आमची काही हरकत नाही. हवाई दलाच्या वकिलानं मग वेगळी वाट दाखवली: यापुढे असे संबंध ठेवणार नाही असं लिहून दे, तर विचार करू. त्यानं नकार दिला. ऑक्टोबरात तो बाहेर पडला. निरोपाचा दर्जा वाढवून सन्मानाचा करण्यात आला, एवढीच मेहेरबानी.

पुढचा खटला पाच वर्षं चालला. १९८० साली न्यायाधीश गेसेल यांनी त्याला परत घ्यायचा आदेश दिला. हवाई दलानं तडजोडीचे पैसे पुढे केले, आणि त्यानं १ लाख ६० हजार डॉलर घेऊन विषय मिटवला. परत गेलो तर दुसरं काहीतरी निमित्त काढून हाकलतील, अशी त्याची अटकळ होती. चळवळीतले काहीजण त्यावरून नाराज झाले. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. ज्या घरानं एकदा हात धरून बाहेर काढलं, तिथे न्यायालयाचा कागद दाखवून राहण्यात काय मजा?

आता सिपल. त्यानं वर्तमानपत्रांवर दीड कोटी डॉलरचा दावा लावला: माझं खासगी आयुष्य तुम्ही चव्हाट्यावर आणलंत. १९८४ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं तो दावा फेटाळण्याचा निर्णय कायम ठेवला. न्यायालयाचं म्हणणं असं की सिपल गे असल्याचं वेगवेगळ्या शहरांतल्या शेकडो लोकांना आधीपासून माहीत होतं, तो मोर्चांत जायचा, बारमध्ये बसायचा. तेव्हा ही गोष्ट खासगी राहिलेलीच नव्हती. शिवाय ती बातमीच्या मोलाची होती.

कायद्याच्या भाषेत हे कदाचित बरोबर असेल. माणसाच्या जगण्यात ते साफ चुकीचं आहे. वाड्यात ओसरीवर चालणारं बोलणं माजघरात चालत नाही, आणि माजघरातलं ओसरीवर येत नाही. म्हणून कुणी वाड्यात गुपितंच नाहीत असं म्हणत नाही. सिपलनं सॅन फ्रान्सिस्कोत एक दार उघडं ठेवलं होतं आणि डेट्रॉइटचं बंद ठेवलं होतं. एका ठिकाणी उघडं आहे म्हणजे सगळीकडे उघडं, हा न्यायालयाचा हिशेब. गे माणसाच्या, विशेषतः गे सैनिकाच्या, बाबतीत जे ठरवायचं असतं ते नेमकं हेच: कुठलं दार, कुणासाठी, केव्हा.

सिपलच्या आईनं त्याच्याशी बोलणं टाकलं. १९७९ साली ती गेली तेव्हा अंत्यसंस्काराला येऊ नकोस असं वडिलांनी त्याला कळवलं, असं छापून आलं. नंतर थोडीफार दिलजमाई झाली, असं त्याच्या भावानं सांगितलं. तब्येत ढासळली, दारू वाढली. अध्यक्षांचं आभाराचं पत्र त्यानं चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं. व्हाइट हाउसचं आमंत्रण मात्र कधी आलं नाही. १९८९च्या फेब्रुवारीत तो आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडला. मरून बरेच दिवस झाले होते. वय ४७. सॅन ब्रुनोच्या सैनिकी दफनभूमीत त्याला जागा मिळाली. डोळ्यांचा रंग किंवा माझा वंश यांचा जेवढा संबंध, तेवढाच माझ्या लैंगिकतेचा संबंध त्या दिवसाशी, असं तो १९७५ साली म्हणाला होता. ते कुणी ऐकलं नाही.

आजवर अमेरिकेतल्या गे सैनिकांच्या ज्या हकिकती बाहेर आल्या त्या वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. घरच्यांना सांगणं अवघड असतं हे आपण समजू शकतो. पण पुष्कळांना त्याहून अवघड वाटतो तो जुन्या साथीदारांचा सामना. वरवर पाहता हे उलटं वाटतं. ज्याच्याबरोबर खंदकात रात्री काढल्या, ज्यानं पाठीवर घेऊन हेलिकॉप्टरपर्यंत पोचवलं, त्याला तर पहिल्यांदा सांगता यायला हवं. अडचण अशी की त्याच माणसाशी रोज खोटं बोललेलं असतं. सुट्टीवर कुठे गेला होतास? पत्र कुणाचं? पाकिटात फोटो कुणाचा? शनिवारी बारमध्ये आमच्याबरोबर का येत नाहीस? लष्करात खासगी वेळ नसतो, त्यामुळे हे प्रश्न टळत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला रचलेलं एक उत्तर. वीस वर्षांनी त्याच्यासमोर बसून मी गे आहे असं म्हणताना त्याच्यामागून दुसरं वाक्य आपोआप येतं: मी तुला खोटं सांगत आलो. पहिल्या वाक्याला मित्र खांदे उडवून हसेलही. दुसऱ्याला काय उत्तर द्यावं हे त्यालाही सुचत नाही.

मॅटलोविचनं हा पेच नोकरीत असतानाच सोडवला. बहुतेकांनी तो पेन्शनीबरोबर घरी नेला.

काहींना तर घरी नेलेला कागदच बोलायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात समलिंगी असल्याच्या संशयावरून काढलेल्या सैनिकांना निळ्या कागदावरचा निरोप मिळे. सन्मानाचा नाही, अपमानाचाही नाही, असा अधांतरी. पण नोकरी देणारा निळा रंग ओळखायचा, आणि युद्धावरून आलेल्यांना शिक्षणासाठी, घरासाठी मिळणाऱ्या सवलती या लोकांना सरकारनं नाकारल्या. कृष्णवर्णीय सैनिकांना हे निळे कागद फार मोठ्या प्रमाणात दिले गेले, आणि त्यांच्या बाजूच्या वर्तमानपत्रांनी याविरुद्ध आवाज उठवला. १९४७ साली निळा कागद गेला, पण त्यानंतरच्या निरोपाच्या दाखल्यावरही बाहेर पडण्याच्या कारणाचे सांकेतिक आकडे असत. माजी सैनिकांच्या क्लबात सभासद व्हायचं तरी दाखला दाखवावा लागे. म्हणजे साथीदारांना सांगायचं की नाही हा प्रश्न या लोकांना पडायचाच नाही. ते क्लबाकडे फिरकतच नसत.

या म्हाताऱ्यांना बोलतं केलं ते ॲलन बेरुबे नावाच्या एका इतिहासकारानं. त्याचं विद्यापीठाचं शिक्षणही पूर्ण झालेलं नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोत टाकून दिलेल्या सामानात सापडलेला पत्रांचा एक खोका त्याच्या हाती आला. महायुद्धात वेगवेगळ्या छावण्यांत असलेल्या काही गे सैनिकांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं होती ती. त्यांतून त्यानं स्लाइड दाखवत सांगायचा एक कार्यक्रम तयार केला आणि १९८०च्या दशकात गावोगाव तो दाखवत हिंडला. कार्यक्रम संपल्यावर कुणी ना कुणी साठी-पासष्टीचा माणूस किंवा बाई पुढे येऊन आपली हकिकत सांगू लागे. त्या मुलाखतींतून १९९० साली ‘कमिंग आउट अंडर फायर’ हे पुस्तक झालं. चाळीस वर्षं जे जुन्या दोस्ताला सांगितलं नाही, ते या लोकांनी स्लाइड दाखवायला आलेल्या अनोळखी पोराला सांगितलं. मला हे फार खरं वाटतं. आपल्याकडेही काही गोष्टी माणूस शेजारच्याला सांगत नाही, रेल्वेत भेटलेल्याला सांगतो.

त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही माजी सैनिकांनी दुसरा मार्ग काढला. अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची देशातली सर्वांत मोठी संघटना, आणि स्वभावानं सनातनी. १९८५ साली या सैनिकांनी लीजनमध्येच आपली वेगळी शाखा काढली: अलेक्झांडर हॅमिल्टन पोस्ट, क्रमांक ४४८. त्याच टोप्या, तेच झेंडे, तीच पदकं, मोर्चात तशीच पावलं. जुन्या साथीदारांकडे एकेकट्यानं जाऊन कबुली देण्याऐवजी त्यांनी रांगेत उभं राहून स्वतःला दाखवलं. फौजी माणसाला हे जमतं.

सेवेत असलेल्यांसाठी १९९३ साली क्लिंटन सरकारनं एक विचित्र तोडगा काढला: विचारू नका, सांगू नका. आम्ही चौकशी करणार नाही, तुम्ही बोलायचं नाही. बोललात तर बाहेर. कायद्यानं सांगण्यालाच गुन्हा ठरवलं, करण्यापेक्षाही. या धोरणाखाली तेरा हजारांहून अधिक लोक काढले गेले. २० सप्टेंबर २०११ रोजी ते रद्द झालं. बरोबर दोन दिवसांनी, म्हणजे पुन्हा २२ सप्टेंबरला, ऑर्लँडो इथे रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुक उमेदवारांची चर्चा चालू होती. पडद्यावर इराकमधून पाठवलेली एक चित्रफीत दाखवली गेली. स्टीफन हिल नावाचा कॅप्टन प्रश्न विचारत होता: २०१०मध्ये इथे आलो तेव्हा नोकरी जाऊ नये म्हणून मला माझ्याबद्दल खोटं बोलावं लागलं, आता झालेली प्रगती तुम्ही मागे फिरवणार का? सभागृहातून काहींनी हुर्यो केली. व्यासपीठावरच्या एकाही उमेदवारानं त्या हुर्योला तिथल्या तिथे हरकत घेतली नाही. सेवेतला एक सैनिक युद्धभूमीवरून बोलत असताना हे घडलं, याचा नंतर बराच गवगवा झाला.

हिलनं खोटं बोलावं लागल्याची गोष्ट प्रश्नाच्या पहिल्याच वाक्यात सांगितली, हे लक्षात घ्यावं. वर म्हटलेलं ते दुसरं वाक्य त्यानं आधीच उरकून टाकलं.

त्याच वर्षी मे महिन्यात हिलनं आपल्या जोडीदाराशी वॉशिंग्टनमध्ये लग्न केलं होतं, तेही मॅटलोविचच्या थडग्यापाशी. मॅटलोविच १९८८ साली एड्सनं गेला. काँग्रेशनल दफनभूमीतली जागा आणि दगड त्यानं जिवंतपणीच निवडून ठेवले होते. मुख्य शिळेवर नाव नाही, फक्त गे व्हिएतनाम सैनिक एवढं, आणि खाली त्याचं ते वाक्य: दोन माणसांना मारलं म्हणून सैन्यानं पदक दिलं आणि एकावर प्रेम केलं म्हणून काढून टाकलं. जागाही मुद्दाम निवडलेली. त्याच रांगेत जवळच एफबीआयचा प्रमुख जे. एडगर हूवर पुरलेला आहे, ज्यानं हयातभर गे लोकांच्या फायली जमवल्या आणि ज्याच्या शेजारी त्याचा जन्माचा सोबती क्लाइड टॉल्सन आहे. मॅटलोविचला विनोदबुद्धी होती.

हे सगळं वाचताना मराठी वाचकाच्या मनात आपल्याकडचं काय, हा प्रश्न येणारच. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दंड संहितेच्या ३७७व्या कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. चार महिन्यांनी, जानेवारी २०१९मध्ये, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकार परिषदेत स्पष्ट केलं की सैन्यात हे चालणार नाही आणि अशी प्रकरणं सेना कायद्याखालीच हाताळली जातील. १९५०च्या त्या कायद्यातलं ४६वं कलम अनैसर्गिक वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद सांगतं. ४५वं कलम अधिकारी आणि जेसीओ (कनिष्ठ आयुक्त अधिकारी) यांच्या अशोभनीय वर्तनासाठी आहे. २०२०मध्ये मेजर जे. सुरेश या निवृत्त अधिकाऱ्यानं आपण गे असल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्यांच्यावरून सुचलेल्या कथेची पटकथा दिग्दर्शक ओनिर यांनी संरक्षण मंत्रालयाकडे मंजुरीसाठी पाठवली, आणि २०२२मध्ये ती नाकारली गेली.

हे झालं सेवेतल्यांचं आणि अधिकाऱ्यांचं. साताऱ्याकडच्या निवृत्त सुभेदाराचं किंवा हवालदाराचं काय? कायद्यापुरतं बोलायचं तर त्याला फारसं भय नाही. सेना कायद्याचं १२३वं कलम सांगतं की सेवेत असताना घडलेल्या गुन्ह्यासाठी, बंड किंवा पलायनासारखे अपवाद सोडले तर, निवृत्तीनंतर तीन वर्षांच्या आतच खटला सुरू व्हावा लागतो. पंधरा वर्षं पेन्शन घेतलेल्या माणसाला कोर्टमार्शलची धास्ती बाळगायचं कारण नाही.

अडतं ते दुसरीकडे. आपल्या पायदळाच्या जुन्या पलटणींची भरती मुलूख पाहून होत आली. मराठा लाइट इन्फंट्रीत बेळगावच्या सेंटरला एकत्र रंगरूट म्हणून रगडलेले दोघे पुष्कळदा शेजारच्या तालुक्यातले असतात, कधी एकमेकांचे सोयरे निघतात. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर घरटी फौजी. सिपलचं सॅन फ्रान्सिस्को आणि डेट्रॉइट यांच्यात दोन हजार मैल होते, तरी बातमी पोचायला दोन दिवस पुरले. इथे पलटण आणि गाव वेगळं काढताच येत नाही. रेझिंग डेच्या, म्हणजे पलटणीच्या स्थापनादिनाच्या, बडाखान्यात एकाच्या कानात सांगितलेलं संध्याकाळच्या एसटीनं गावात उतरतं. कॅन्टीनच्या रांगेत, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर, बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच ती माणसं.

आणि बहुतेकांचं लग्न झालेलं. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या नोंदींत, बायकोचं नाव लागलेलं, मुलांची नावं लागलेली. अशा माणसानं बायकोला अंधारात ठेवून आधी जुन्या बडीला सांगावं, हे मला पटत नाही. साथीदाराशी खोटं बोललो याची बोच असेल, तर तिच्याशी जे बोललो त्याचा हिशेब त्याहून मोठा आहे. मॅटलोविच अविवाहित होता, सिपलही. हा धागा त्यांच्या गोष्टीत नाही, आपल्या गोष्टीत तो पहिला येतो.

अविवाहित राहिलेले थोडे असतातच. घरची जबाबदारी, बहिणींची लग्नं, मग वय उलटलं, ही कारणं गावानं त्यांच्यासाठी केव्हाच तयार करून ठेवलेली असतात. त्यांच्या बरोबर राहणाऱ्या दोस्ताकडेही गाव फार बारकाईनं पाहत नाही. या न पाहण्यात एक प्रकारची माया असते, हेही नाकारू नये. पण ती माया एका अटीवर असते: तोंडानं बोलायचं नाही. क्लिंटनचा कायदा आपल्या गावांनी न लिहिता कधीपासून चालवला आहे.

बोललं तर पदरात काय पडेल? अमेरिकेत समलिंगी विवाहाबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ आणि २०१५च्या निकालांनंतर माजी सैनिकाच्या समलिंगी जोडीदाराला वैवाहिक सवलती मिळू लागल्या; तिथे सांगण्यामागे कागदाचा फायदाही असतो. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन नाही, ईसीएचएसच्या कार्डावर जोडीदार म्हणून जागा नाही. इथे जो सांगेल तो कागदासाठी सांगणार नाही. बेळगावला शेजारच्या खाटेवर झोपलेल्या त्या एका माणसानं तरी आपल्याला नीट ओळखावं, एवढ्यासाठी सांगेल. मला विचाराल तर ग्रुपवर लिहू नये, बडाखान्यात तिसऱ्या पेगनंतर तर मुळीच बोलू नये. एकाला गाठावं, आणि पुढे कुणाला सांगायचं ते मी ठरवीन, हे त्याच्याकडून आधी कबूल करून घ्यावं. हार्वे मिल्कसारखा भला मित्रही ते विचारायला विसरला होता.